नाकाच्या अस्तरात सबस्टन्स पी रंगवताना: तपकिरी भरपूर दिसतं, पण ते चेतातंतू आहेत का?

स्लाइडवाली
नमस्कार मंडळी. हिस्टॉलॉजीत (ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात) हात काळे (आणि तपकिरी) केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते.

काम असं आहे: माणसाच्या नाकातल्या इन्फीरियर टर्बिनेटच्या (खालच्या शंखास्थीवरच्या अस्तराच्या) बायॉप्सी, आणि त्यात सबस्टन्स पी हे चेतातंतूंमधलं पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) रंगवून शोधायचं. काही अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिसच्या, काही नाकाचा पडदा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत मिळालेल्या. सगळ्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅराफिनमध्ये बसवलेल्या. ५ मायक्रॉनचे सेक्शन, सिट्रेट पीएच ६ मध्ये रिट्रीव्हल (फिक्सिंगने झाकलेल्या जागा अँटीबॉडीसाठी पुन्हा मोकळ्या करणं), सबस्टन्स पीची सशातली पॉलिक्लोनल अँटीबॉडी, मग एबीसी (अँटीबॉडीवर पेरॉक्सिडेज एन्झाइम बसवणारं अव्हिडिन-बायोटिनचं मिश्रण) आणि शेवटी डीएबी (पेरॉक्सिडेजमुळे तपकिरी होणारं रसायन).

रंग येतो, चांगला दणदणीत येतो. एपिथेलियमच्या (अस्तराच्या सर्वांत वरच्या थराच्या) लगेच खाली, रक्तवाहिन्यांजवळ, ग्रंथींच्या आजूबाजूला. पण जे दिसतं ते गोलसर, साधारण १० मायक्रॉनचं. बारीक तंतू म्हणून ज्यावर बोट ठेवावं असं एकही सापडत नाही. अ‍ॅलर्जीच्या स्लाइडवर हे गोल ठिपके कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे आमच्याकडे सगळे खूश आहेत की 'अ‍ॅलर्जीत सबस्टन्स पी वाढतो' हे सिद्ध झालं. माझं मन मात्र मानत नाही.

डीएबी सोडून फ्लुरोसन्सकडे (प्रकाश टाकल्यावर चमकणाऱ्या रंगांकडे) जावं का? पुढे सीजीआरपी, व्हीआयपी आणि एनपीवाय ही चेतातंतूंमधली आणखी तीन पेप्टाइडसुद्धा करायची आहेत, म्हणून पाया आत्ताच पक्का करायचा आहे.

क्रायोस्टॅट
तुमचं मन मानत नाही तेच बरोबर आहे. १० मायक्रॉनचा गोल ठिपका म्हणजे अख्खी पेशी. पेप्टाइड असलेला चेतातंतू मायक्रॉन-दीड मायक्रॉनच्या वर क्वचितच जातो. अ‍ॅलर्जीच्या नाकात गोल, भरपूर आणि एपिथेलियमखाली गर्दी करणाऱ्या पेशी कोणत्या? इओसिनोफिल आणि मास्ट सेल, दोन्ही रोगप्रतिकारक पेशी. घोडं इथेच पेंड खातंय.

इओसिनोफिलच्या कणांमध्ये स्वतःचं पेरॉक्सिडेज ठासून भरलेलं असतं. डीएबीला ते अँटीबॉडीवरचं पेरॉक्सिडेज आहे की पेशीचं घरचं, हे कळत नाही. मास्ट सेलची तऱ्हा वेगळी. त्यांच्या कणांत हेपॅरिन असतं, त्यावर जबरदस्त ऋणभार असतो, आणि एबीसीमधलं अ‍ॅव्हिडिन त्याला थेट चिकटतं. मधे अँटीबॉडी असायची गरजच नाही.

सोक्षमोक्ष लावायला दोन स्लाइड पुरतात. पहिलीवर फक्त डीएबी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी काहीही नाही. दुसरीवर नेहमीसारखं पेरॉक्सिडेज ब्लॉक करून फक्त एबीसी आणि डीएबी, दोन्ही अँटीबॉडी (सबस्टन्स पीची आणि तिला धरणारी दुसरी) वगळून. पहिलीवर जे तपकिरी होईल ते इओसिनोफिल (आणि लाल पेशी). दुसरीवर जे जास्तीचं दिसेल ते बहुधा मास्ट सेल. हे झाल्याशिवाय अँटीबॉडीच्या डायल्युशनला हात लावू नका.

पाऊसवेडा
नाक मुरडायला सोपं, रंगवायला अवघड :)

रसायनी
क्रायोस्टॅट यांना +१. पण मला अडचण त्याच्या आधीच दिसते. सबस्टन्स पी हे फक्त ११ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. एवढा छोटा रेणू ऊतीत जागच्या जागी राहतो तो केवळ फॉर्मॅल्डिहाइड त्याला शेजारच्या प्रथिनांना बांधून ठेवतं म्हणून. नुसत्या अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलने फिक्स केलेल्या फ्रोझन सेक्शनमधून तो पहिल्याच धुण्यात निघून जातो.

हे बांधणं कुठून होतं ते पाहा, गंमत आहे. क्रम असा: आर्जिनिन, प्रोलिन, लायसिन, प्रोलिन, ग्लुटामिन, ग्लुटामिन, फिनाइलअ‍ॅलानिन, फिनाइलअ‍ॅलानिन, ग्लायसिन, ल्युसिन, मेथिओनिन. फॉर्मॅल्डिहाइडला लागणारे अमिनो गट सुरुवातीच्या टोकाला आणि तिसऱ्या जागेवरच्या लायसिनवर. म्हणजे सुरुवातीचं टोक बांधलं जातं आणि शेवटचं मोकळं राहतं. म्हणून स्टेनिंगला चांगल्या चालणाऱ्या बऱ्याच अँटीबॉडी शेवटच्या टोकाच्या असतात.

आणि तिथेच पुढची अडचण उभी. न्यूरोकायनिन ए आणि बाकीच्या टॅकिकायनिनचं (सबस्टन्स पीच्याच कुळातल्या पेप्टाइडचं) शेवटचं टोक जवळजवळ तसंच आहे, फिनाइलअ‍ॅलानिननंतर एक जागा बदलती आणि मग ग्लायसिन-ल्युसिन-मेथिओनिन. शिवाय न्यूरोकायनिन ए त्याच जनुकापासून, त्याच चेतापेशीत तयार होतो. त्यामुळे प्रामाणिकपणे लिहायचं तर 'सबस्टन्स पी' असं न लिहिता 'सबस्टन्स पीसारखी इम्युनोरिअ‍ॅक्टिव्हिटी' असंच लिहावं.

स्लाइडवाली
@रसायनी, मग प्रीअ‍ॅब्सॉर्प्शन कंट्रोल केलं की भागतं ना? अँटीबॉडी कृत्रिम पेप्टाइडबरोबर रात्रभर ठेवायची आणि मग स्लाइडवर टाकायची. रंग गेला म्हणजे खरा.

रसायनी
अर्धंच भागतं. रंग गेला म्हणजे अँटीबॉडी त्या पेप्टाइडला धरते, एवढं कळतं. ऊतीत ती फक्त त्यालाच धरत होती, हे कळत नाही. न्यूरोकायनिन ए धरणारी अँटीबॉडीसुद्धा सबस्टन्स पी घातल्यावर गप्प होते. म्हणून सोबत न्यूरोकायनिन ए घालूनही एक स्लाइड करा. दोन्हींनी रंग गेला तर उत्तर मिळालं.

तुमच्याकडच्या गोल ठिपक्यांवर मात्र हे कंट्रोल उलट फार उपयोगी आहे. पेप्टाइड घालूनही ते ठिपके तसेच राहिले, तर त्यांचा अँटीबॉडीशी संबंधच नाही.

नाककानवाला
मी शस्त्रक्रिया करणाऱ्या बाजूचा. प्रयोगशाळेतली मंडळी फिक्सेटिव्हवर (ऊती टिकवणाऱ्या द्रावणावर) तासभर भांडतात, पण तुकडा बाटलीत पडायच्या आधी त्याचं काय काय होतं हे कुणी विचारत नाही.

बायॉप्सीच्या आधी नाकात लिग्नोकेन आणि आकुंचन करणाऱ्या औषधाचा पॅक असतो. बरेच जण वर इंजेक्शनही देतात. इंजेक्शन त्याच जागी दिलं तर अस्तर फुगतं, आणि मग 'दर चौरस मिलिमीटरला इतके तंतू' हा आकडा आपोआप खाली येतो. तंतू तेवढेच, जागा वाढली. चिमटा बोथट असेल तर कडेचा भाग चिरडला जातो, आणि चिरडलेल्या कडेला काहीही रंगतं. आणि तुकडा गॉझवर ठेवून 'बघू नंतर' म्हणून राहिला, तर ऊतीतली एन्झाइम थांबत नाहीत. न्यूट्रल एंडोपेप्टिडेज सबस्टन्स पीचे तुकडे करत राहतं.

आणखी एक. पडदा सरळ करायला आलेल्या माणसाच्या टर्बिनेटला 'नॉर्मल' म्हणणं मला पटत नाही. ज्याची एक बाजू वर्षानुवर्षं बंद होती, त्याची दुसऱ्या बाजूची टर्बिनेट बहुधा सुजून मोठी झालेली असते. शिवाय तो स्टेरॉइडचे फवारे वापरत होता का, हे फॉर्मवर लिहिलेलं असतं का?

स्लाइडवाली
@नाककानवाला सर, फवाऱ्याचं लिहिलेलं आहे, पॅक आणि इंजेक्शनचं नाही. ते विचारून घेते.

जिज्ञासू
मी या क्षेत्रातला नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक बाळबोध प्रश्न: चेतातंतूंमधली ही पेप्टाइड नाकात करतात तरी काय? आणि चार-चार कशाला?

नाककानवाला
@जिज्ञासू, प्रश्न बाळबोध नाही, सगळं त्यावरच उभं आहे. नाकाला तीन ठिकाणांहून चेतातंतू येतात.

पहिले संवेदनेचे, ट्रायजेमिनल गँग्लियनमधून (गँग्लियन म्हणजे चेतापेशींचा पुंजका). त्यांत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी असतात, बऱ्याचदा एकाच तंतूत दोन्ही. तिखट धूर, थंड हवा, अ‍ॅलर्जीतला हिस्टामिन यांनी हे तंतू चेतले की मेंदूकडे शिंकेचा संदेश जातो, आणि त्याच वेळी तंतूंच्या टोकांतून पेप्टाइड बाहेर पडून रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून द्रव पाझरतो. दुसरे पॅरासिम्पथेटिक, टेरिगोपॅलॅटाइन गँग्लियनमधून. त्यांत व्हीआयपी. ग्रंथींना पाझरायला लावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात. तिसरे सिम्पथेटिक, मानेतल्या सुपीरियर सर्व्हायकल गँग्लियनमधून. त्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या जोडीला एनपीवाय. रक्तवाहिन्या आवळून धरतात, नाक मोकळं ठेवतात.

म्हणजे चार पेप्टाइड रंगवली की तीन वेगवेगळ्या तारांचा नकाशा मिळतो. निदान सिद्धांत तरी तसा आहे.

क्रायोस्टॅट
'सिद्धांत' म्हणालात ते बरं केलंत. टेरिगोपॅलॅटाइन गँग्लियनच्या काही पेशींतही एनपीवाय सापडतो. त्यामुळे एनपीवाय दिसला की सिम्पथेटिक, असं डोळे मिटून म्हणता येत नाही. शेजारी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज (नॉरअड्रिनॅलिन बनवायला लागणारं एन्झाइम) रंगवलं की कळतं.

निरुत्तर
थोडं अवांतर, पण नाक, पेप्टाइड आणि स्टेनिंग हे तिन्ही यात आहेत म्हणून लिहितो. पौगंडावस्था सुरू करणारं जीएनआरएच हे १० अमिनो आम्लांचं पेप्टाइड मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतं. पण त्या चेतापेशी मुळात जन्मतात गर्भाच्या नाकात, आणि घ्राणतंतूंच्या आधाराने चालत मेंदूत जातात. हे १९८९ मध्ये उंदराच्या गर्भांचे सेक्शन रंगवून दिसलं. त्याच वर्षी कॅलमन सिंड्रोम असलेल्या मानवी गर्भाचाही अभ्यास आला: जीएनआरएच पेशी नाकात होत्या, वाटेत होत्या, पण मेंदूत पोचल्याच नव्हत्या. ज्यांना वासही येत नाही आणि पौगंडावस्थाही सुरू होत नाही, त्यांच्या दोन तक्रारींचं नातं एका स्टेनिंगने उलगडलं. मला आजही हे वाचताना भारी वाटतं.

जिज्ञासू
निरुत्तर, हे अफाट आहे. वेगळा धागा काढा.

बाभूळ
अवांतर संपलं असेल तर थोडा विरोध नोंदवतो. इथे सगळे पॅराफिनवर तुटून पडतील असं दिसतंय. पण पॅराफिनचे ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, आकार नीट दिसतो, जुन्या रुग्णांचा माल उपलब्ध असतो. १९९१ पासून उष्णतेचं रिट्रीव्हल आलं आणि कितीतरी अँटीबॉडी पॅराफिनवर चालायला लागल्या. चेतातंतूंसाठी पीजीपी ९.५ (सगळ्याच चेतातंतूंत असणारं प्रथिन) पॅराफिनवर सुरेख दिसतं. सीजीआरपीही मी पॅराफिनवर पाहिलेलं आहे. सरसकट 'फ्रोझनच करा' हा आग्रह मला पटत नाही. सगळ्यांकडे द्रवरूप नायट्रोजन आणि क्रायोस्टॅट (गोठलेल्या ऊतीचे काप करणारं यंत्र) हाताशी नसतो.

क्रायोस्टॅट
@बाभूळ, नाव घेऊन म्हणताय की यंत्राबद्दल? :)

पीजीपी ९.५ बद्दल पूर्ण सहमत. पण ते पेशीद्रवात भरपूर असलेलं प्रथिन आहे, तंतू पेप्टाइडचा असो वा नसो, त्यात असतंच. सबस्टन्स पी फक्त १०० नॅनोमीटरच्या आसपासच्या गडद पुटिकांमध्ये असतो, तोही जागोजागी फुगलेल्या भागांत. तंतू लांबीने दिसला तर तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो, आणि हीच त्याची ओळख. ५ मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये माळ कापली जाते आणि हातात येतो एखादा सुटा मणी. सुटा मणी आणि बॅकग्राउंडचा ठिपका यांत फरक कसा करणार? माझा आग्रह फ्रोझनपेक्षा जाडीचा आहे. १५ ते २० मायक्रॉन तरी हवेत. तरंगते सेक्शन करायचे तर ३० ते ४०.

रसायनी
फिक्सेटिव्हचं राहिलं. न्यूरोपेप्टाइडसाठी मला झँबोनीचं द्रावण सर्वांत भरवशाचं वाटतं: २ टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइड आणि १५ टक्के संपृक्त पिक्रिक आम्ल, फॉस्फेट बफरमध्ये. लहान तुकडा ४ अंशांवर काही तास ते रात्रभर. मग पिवळेपणा जाईपर्यंत बफर बदलत राहायचं, हे चुकवू नये. त्यानंतर सुक्रोज. आधी १५ टक्के, मग ३०. तुकडा सुरुवातीला तरंगतो, पाणी जाऊन सुक्रोज आत शिरलं की तळाशी बसतो. तळाशी बसल्याशिवाय गोठवायचा नाही, नाहीतर बर्फाचे स्फटिक होऊन ग्रंथींच्या जागी नुसती भोकं दिसतात. गोठवताना थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवू नका, भोवती वायूचं कवच तयार होतं आणि तुकडा हळू गोठतो, तडकतोही. नायट्रोजनने थंड केलेलं आयसोपेंटेन वापरा.

पिक्रिक आम्ल कोरडं झालं तर स्फोटक असतं. बाटली कायम ओली ठेवा, झाकणाच्या आट्यांवर पिवळे स्फटिक जमलेले दिसले तर उघडायला जाऊ नका, सुरक्षेच्या माणसाला बोलवा.

पाऊसवेडा
शेवटचा परिच्छेद वाचून आमच्या कपाटातली बाटली पाहून आलो. ओली आहे. धन्यवाद!

मुक्तछंदा
फ्लुरोसन्सच्या मूळ प्रश्नाकडे वळते, कारण तिकडे गेल्यावर सगळं सुरळीत होईल असा समज होऊ नये. इओसिनोफिल तिथेही पिच्छा सोडत नाही. हिरव्यात तो स्वतःच चमकतो, आणि एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेल्या अँटीबॉडी त्याच्या भारित कणांना उगाच चिकटतात. क्रोमोट्रोप २आर हा रंग लावून ते बरंच दाबता येतं. नाहीतर हिरवा मार्ग सोडून लांब लाल रंगाचा फ्लुरोफोर (चमकणारा रेणू) घ्यायचा.

दुसरी फसवी जागा म्हणजे धमनिका. त्यांच्या भिंतीतला लवचिक पडदा, इलॅस्टिनचा, आपोआप चमकतो, नागमोडी बारीक रेघ दिसते आणि नवख्याला वाटतं, वा, रक्तवाहिनीभोवती एनपीवायचा तंतू! ओळखायची खूण सोपी आहे. इलॅस्टिनची रेघ स्नायूच्या आतल्या बाजूला, पोकळीला लागून असते. चेतातंतू स्नायूच्या बाहेरच्या कडेला असतात. रेघ अखंड असेल तर इलॅस्टिन, मणी-मणी असेल तर तंतू. अँटीबॉडी न लावलेला सेक्शन त्याच एक्स्पोजरवर पाहायचा, एक्स्पोजर आपोआप ठरवू द्यायचं नाही.

तरी मी फ्लुरोसन्सच्याच बाजूची. सबस्टन्स पी आणि सीजीआरपी एकाच तंतूत आहेत का, हे डीएबीवर कधीच नीट कळणार नाही. एक अँटीबॉडी सशातली, एक गिनीपिगातली, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर थर घ्या आणि मोकळ्या व्हा.

बाभूळ
आणि दिवे लागले की रंग उडतो. डीएबीची स्लाइड दहा वर्षांनीही तशीच. निकेल घातलं तर काळा रंग येतो आणि बारीक तंतूही उठून दिसतात. अ‍ॅव्हिडिनची भीती असेल तर पॉलिमर किट वापरा, त्यात बायोटिन-अ‍ॅव्हिडिनचा संबंधच नाही.

मुक्तछंदा
@बाभूळ, पॉलिमरचा मुद्दा मान्य. मास्ट सेलचा प्रश्न तिथे सुटतो. इओसिनोफिलचा सुटत नाही, त्याला पेरॉक्सिडेज ब्लॉक नीट लागतोच.

नाककानवाला
सगळे रंगाबद्दल बोलताय, मला आकड्यांबद्दल बोलायचं आहे. समजा स्टेनिंग अगदी निर्दोष झालं. अ‍ॅलर्जीच्या नाकात सबस्टन्स पीचे तंतू जास्त दिसले. अर्थ काय घ्यायचा? तंतूंत साठा जास्त आहे, एवढाच. जास्त तयार होतोय म्हणून जास्त, की कमी सुटतोय म्हणून साठलाय? आणि कमी दिसले तर? तंतू मेले, की नुकतंच सगळं ओतून रिकामे झाले?

कॅप्सेसिनचं उदाहरण घ्या. मिरचीतला हा रेणू टीआरपीव्ही१ या ग्राहीवर बसतो. तो ग्राही १९९७ मध्ये सापडला आणि त्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अ‍ॅलर्जी नसूनही सतत वाहणाऱ्या-चोंदणाऱ्या नाकांवर कॅप्सेसिनचा फवारा वापरतात आणि काही रुग्णांना चांगला आराम पडतो. अशा नाकाची बायॉप्सी घेऊन सबस्टन्स पी फिका दिसला, तर 'तंतू नाहीसे झाले' म्हणायचं का? शेजारच्या सेक्शनवर पीजीपी ९.५ केल्याशिवाय तोंड उघडू नये.

क्रायोस्टॅट
याला दहा वेळा +१. पीजीपी ९.५ हा अपूर्णांकातला छेद आणि पेप्टाइड हा अंश. नुसता अंश छापून काही कळत नाही. स्राव मोजायचा असेल तर नाक धुतलेल्या पाण्यात, उत्तेजन दिल्यावर, रेडिओइम्युनोअ‍ॅसे किंवा एलायझा या अँटीबॉडीवर चालणाऱ्या चाचण्यांनी मोजावं. त्यात ठिकाण कळत नाही, स्टेनिंगमध्ये सुटणं कळत नाही. दोन्ही लागतात.

जिज्ञासू
मग प्रथिन शोधण्यापेक्षा सरळ आरएनए का शोधत नाहीत? हल्ली त्याचंच ऐकू येतं.

रसायनी
चांगला प्रश्न. कारण पेप्टाइड तयार होतं चेतापेशीच्या शरीरात, म्हणजे कवटीच्या तळाशी असलेल्या गँग्लियनमध्ये, आणि तिथून तंतूतून नाकापर्यंत वाहून येतं. आरएनए मुख्यतः तिकडेच राहतो. नाकाच्या तुकड्यात इन-सिटू हायब्रिडायझेशन (ऊतीत जागच्या जागी आरएनए शोधणं) केलं तर तंतूंमध्ये जवळपास काहीच मिळणार नाही. उलट नाकातल्या एखाद्या गोल पेशीत आरएनए सापडला, तर ती पेशी स्वतः पेप्टाइड बनवते असं म्हणायला आधार मिळतो. रोगप्रतिकारक पेशी सबस्टन्स पी बनवतात असे दावे आहेतच. स्लाइडवालींच्या ठिपक्यांचा तसा अर्थ कुणी लावायला गेलं, तर आधी हा पुरावा मागावा.

स्लाइडवाली
मंडळी, दोन्ही स्लाइड करून पाहिल्या.

नुसत्या डीएबीवर गोल ठिपक्यांपैकी बहुतेक सगळे तसेच्या तसे. हिमॅटॉक्सिलिन (केंद्रक रंगवणारा रंग) लावलं तर दोन पाळ्यांचं केंद्रक स्पष्ट दिसतं, इओसिनोफिलच. पेरॉक्सिडेज ब्लॉक करून नुसतं एबीसी लावलेल्या स्लाइडवर ते बरेच कमी झाले, पण रक्तवाहिन्यांजवळ वेगळ्या, एका गोल केंद्रकाच्या पेशी रंगल्या. शेजारच्या सेक्शनवर टोल्युइडिन ब्लू (मास्ट सेल ओळखायचा रंग) केलं, त्या जागी जांभळट मास्ट सेल. म्हणजे 'अ‍ॅलर्जीत वाढलेला सबस्टन्स पी' हे मोजमाप प्रत्यक्षात इओसिनोफिल आणि मास्ट सेलचं होतं. ते अ‍ॅलर्जीत वाढतात हे तर आधीपासून माहीत आहे.

पेप्टाइड घालून केलेल्या स्लाइडवरही ठिपके जागेवरच. रसायनींनी म्हटल्याप्रमाणे.

आता गटात हे मांडायचं आहे, तिन्ही कंट्रोल शेजारी शेजारी लावून. प्रश्न जुन्या ब्लॉकचा. ते टाकून द्यायचे का?

बाभूळ
छे छे, टाकू नका! त्यावर पीजीपी ९.५ आणि सीजीआरपी करा, पॉलिमर किट, ट्रिस-ईडीटीए पीएच ९ चं रिट्रीव्हलही करून पाहा. इओसिनोफिल आणि मास्ट सेल तर मोजून झालेच आहेत, ते खरं नाव देऊन लिहा.

मुक्तछंदा
आणि नवीन बायॉप्सी झँबोनीत घ्या. पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे रंग यायलाच हवा अशी ऊती) ठरवलंय का? सबस्टन्स पीसाठी उंदराच्या मेरुरज्जूचं पृष्ठशृंग, तिथे वरच्या थरात इतकी दाटी असते की स्टेनिंग फसलंय की नाही ते एका नजरेत कळतं. व्हीआयपीसाठी माणसाच्या मोठ्या आतड्याची भिंत. दोन्ही त्याच फिक्सेटिव्हमध्ये, तेवढाच वेळ ठेवलेली हवीत. वेगळ्या फिक्सेटिव्हमधला कंट्रोल तुमच्या तुकड्यांबद्दल काही सांगत नाही.

नाककानवाला
शस्त्रक्रियागृहात बाटली आधीच बर्फावर ठेवून द्या आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, 'तुकडा लगेच यात'. फॉर्मवर चार रकाने वाढवा: पॅकमध्ये कोणतं औषध, इंजेक्शन दिलं का आणि कुठे, कापल्यापासून बाटलीत पडेपर्यंत किती वेळ, आणि टर्बिनेटचा पुढचा भाग की मागचा. शेवटचा रकाना विसरू नका, ग्रंथी आणि रक्तवाहिन्यांचं प्रमाण जागेनुसार बदलतं.

स्लाइडवाली
रकाने आजच वाढवते. @मुक्तछंदा, मेरुरज्जूचे तुकडे शेजारच्या विभागाकडून मिळतील, पण ते ४ टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइडमध्ये परफ्यूज केलेले (रक्तवाहिन्यांतून फिक्सेटिव्ह सोडून फिक्स केलेले) आहेत. चालतील?

मुक्तछंदा
अँटीबॉडी जिवंत आहे की नाही हे बघायला चालतील. तुमच्या नाकाच्या तुकड्यांची बरोबरी करायला नाही. पुढच्या वेळी ते ऊती काढतील तेव्हा एक तुकडा परफ्यूज न करता थेट झँबोनीत मागून घ्या.